सेल्फ घेते, स्टार्ट होत नाही

आमची गाडी बंद पडली नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत दसऱ्यापासून ‘गायधनींची गाडी बंद पडली’ असं बोललं जात होतं आणि ते साफ चूक होतं. बंद पडायला गाडी आधी चालू व्हावी लागते. आमची चालूच होत नव्हती. किल्ली फिरवली की सेल्फ घ्यायची, अगदी जोमाने घ्यायची, घुर्र घुर्र घुर्र करून ‘आता होतेय बरं का’ अशी आशा लावायची आणि पुढे काही नाही. बॅटरीच मेली असती तर माणूस एकदाचा रडून मोकळा झाला असता. ही रोज आशा लावून मारत होती.

मी अंबडच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं काढली. त्यामुळे मला यंत्रांतलं कळतं असा लोकांचा समज आहे आणि तो मी कधी मोडला नाही. खरं म्हणजे मी टाइम ऑफिसात होतो. कोण किती वाजता आलं नि किती वाजता गेलं, एवढं बघायचं. इंजिनाबद्दलचं माझं ज्ञान ते बॉनेटखाली असतं इथपर्यंतच आहे. पण बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून, ‘हं’ म्हणायला मला छान जमतं आणि एवढ्या भांडवलावर मी सव्वीस वर्षं ही गाडी सांभाळली. पांढरी होती. आता कागदोपत्री पांढरी आहे.

गाडी चालू होण्याची एवढी घाई का होती, तर कुसुममुळे. कुसुम म्हणजे माझी बायको. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, वय वर्षं साठ. तिची थोरली बहीण विमलाताई येवल्याला असते, एकटीच, त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. येवल्याला जायचं झालं की कुसुम मला विचारायची आणि मी म्हणायचो, “कशाला? आत्ताच जायला हवं का?” यात माझा वाईट हेतू कधीच नव्हता. उन्हाळ्यात ऊन असतं, पावसाळ्यात पाऊस असतो आणि हिवाळ्यात त्या रस्त्याला कांद्याचे ट्रॅक्टर असतात. येवल्याला जायला चांगला असा ऋतूच नाही, त्याला मी काय करणार?

एप्रिलमध्ये ती एसटीने गेली, येताना निफाडपर्यंत उभ्याने आली आणि दारात चपला काढता काढता म्हणाली, “मी गाडी शिकणार आहे. मग मला कुणाला विचारायला नको.”

‘कुणाला’ म्हणजे कोणाला हे मी विचारलं नाही. घरात आम्ही दोघंच असतो.

तिने शिकाऊ परवाना काढला. त्याची मुदत सहा महिने, म्हणजे दसऱ्याच्या पुढच्या शुक्रवारपर्यंत. पक्क्या परवान्याची चाचणी त्याच आठवड्यात बुधवारी अकरा वाजता, पेठ रोडच्या आरटीओत. तृप्ती मॅडम म्हणून तिला शिकवणाऱ्या बाई होत्या, त्या म्हणाल्या होत्या की चाचणीला आमच्या क्लासची गाडी घ्या. तेव्हा मीच मध्ये पडून म्हणालो, “घरची गाडी असताना?” फार रुबाबात म्हणालो. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

आणि कुसुमने एक गोष्ट स्पष्ट करून ठेवली होती. “या वेळी नाही झालं तर मी परत नाही करणार हं. ट्रॅकवरची सगळी मुलं माझ्या नातवंडांच्या वयाची असतात. एकदा हसू दे त्यांना. दोनदा नाही.”

तर दसरा. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या यच्चयावत यंत्राची पूजा होते. कुसुम गणिताची असली तरी या बाबतीत एकही पायरी गाळत नाही. शिवणयंत्र, मिक्सर, माझं रक्तदाबाचं यंत्र, सगळ्यांना हळदकुंकू आणि फूल. यंदा गाडीचा मान मोठा, कारण पुढच्या बुधवारी तिची परीक्षा. आदल्या दिवशी दुपारभर ती गाडी धूत होती. चटया काढल्या, स्टेपनी काढली, आमच्या घराण्यात कधी कोणी विडी ओढली नसताना अॅशट्रेसुद्धा बाहेर ओढून घासला. सकाळी बॉनेटवर स्वस्तिक, पुढे झेंडूचा हार आणि आतमध्ये दिसेल त्या बटणाला ओल्या कुंकवाचं बोट. हॉर्नला, वायपरच्या दांडीला, बारा वर्षं मुक्या असलेल्या रेडिओलाही. मग चारी चाकांखाली चार लिंबं ठेवली. आता गाडी पुढे घ्यायची, लिंबं चिरडायची, की पूजा संपली.

कुसुम ऐटीत आत बसली. किल्ली फिरवली. घुर्र घुर्र घुर्र.

दहा वेळा झालं. मग मी बसलो. मी बसल्यावर होईल अशी माझी खात्री होती, कारण नवऱ्याने बसल्यावर व्हायला हवं. नाही झालं. तोपर्यंत पार्किंगमध्ये माणसं जमली होती. त्यात बोरस्तेसाहेबही होते. बोरस्ते म्हणजे तळमजल्यावरचे, मनमाडला रेल्वेत लोको पायलट होते. ज्या इंजिनाला शिडी लावून चढावं लागत नाही त्याला ते इंजिन म्हणत नाहीत.

“काय गायधनी, काय झालं?”

आता सगळ्यांसमोर ‘मला माहीत नाही’ असं कसं म्हणायचं? मी बॉनेट उघडलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणालो, “हं. क्लच. ही सारखी क्लचवर पाय ठेवून चालवते ना, त्याचा परिणाम.”

क्लचचा नि चालू होण्याचा काही संबंध असतो का, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं.  कुसुमने पूजेचं ताट उचललं आणि ती वर गेली. लिंबं चाकांखाली तशीच राहिली.

एकदा गाडी चालू होत नाही म्हटल्यावर तिच्यावर सगळ्या सोसायटीचा हक्क होतो. दुसऱ्या मजल्यावरचा विश्वेश घरूनच कंपनीचं काम करतो, म्हणजे दिवसभर पार्किंगमध्ये असतो. त्याने मोबाइलवर मला सात व्हिडिओ दाखवले. सातही गाड्या शेवटी चालू होत होत्या, त्यामुळे माझं मन जास्तच खचलं. “काका, उंदराने वायर खाल्ली असणार,” तो म्हणाला. मग उंदीर शोधण्यात शनिवार गेला. एक वायर कुरतडलेली सापडली, तेव्हा केवढा आनंद झाला. ती मुक्या रेडिओची निघाली.

बोरस्त्यांचं म्हणणं, पेट्रोल शिळं झालं. पेट्रोल शिळं होतं हे मला नवीनच होतं, पण ते इतक्या अधिकाराने बोलतात की आपण मान हलवतोच. स्कूटरवरून कॅनमध्ये ताजं पेट्रोल आणलं, ते टाकताना निम्मं माझ्या पँटवर सांडलं. घुर्र घुर्र घुर्र. मग धक्का मारायचं ठरलं. सोसायटीचा वॉचमन बुधा, विश्वेश आणि मी. बोरस्ते बाजूला उभे राहून शिट्टी मारत होते. गाडी गेटपर्यंत गेली आणि गेटात आडवी थांबली. तेवढ्यात शाळेची बस आली. बसच्या ड्रायव्हरने मला जे ऐकवलं ते बत्तीस वर्षांत कामगार युनियननेही ऐकवलं नव्हतं. गाडी ढकलत परत जागेवर आणली, तर बुधा खाली वाकून म्हणाला, “सायेब, लिंबं नाय हो चेपली. घरंगळली जराशी.” आणि त्याने चारही लिंबं पुन्हा चाकांखाली सारली. या घरात पूजा अर्धी राहिलेली चालत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

जो येई तो बॉनेटमध्ये डोकावून शेवटी एकच म्हणे, “वहिनींनी क्लच जाळला म्हणे?” मी ‘हं’ करायचो. वर खिडकीचा पडदा हलायचा.

रविवारी मेकॅनिक आणला. जयराम. पाथर्डी फाट्याला त्याचं गॅरेज आहे. आला, चप्पल काढून आधी वर गेला आणि कुसुमच्या पाया पडला. “बाईंनी मला शिकवलंय. नववी ब. लय मारलंय.” हे त्याने इतक्या अभिमानाने सांगितलं की मला कौतुक कोणाचं करावं कळेना. मग खाली येऊन त्याने एक प्लग काढला, इंजिनाला टेकवला आणि मला सेल्फ मारायला लावला.

“काका, करंट नाय. पेट्रोल येतंय, सेल्फ फिरतोय, पण प्लगला ठिणगीच नाय.”

“मग?”

“कॉइल गेली असंल.”

कॉइल बदलली. घुर्र घुर्र घुर्र. प्लग बदलले. घुर्र घुर्र घुर्र. सोमवारी आणखी दोन डबे बदलले, ज्यांची नावं मी विचारली नाहीत. प्रत्येक वेळी तो रॉकेलच्या फडक्याने हात पुसायचा आणि त्याच फडक्याने डॅशबोर्ड, स्टिअरिंग, बॉनेट सगळं पुसायचा. स्वस्तिक गेलं, हार सुकला, गाडीवर दसऱ्याची म्हणून काही खूण उरली नाही. शेवटी तो फुटपाथवर बसला.

“करंट मधीच कुठंतरी गडप होतोय, काका. हे वायरिंगचं काम. आपण इंजिनवाले. वायरिंगला वायरमन लागतो.”

“मग बोलव की वायरमन.”

“गावी गेलाय. दसरा करून येतो म्हणाला, मग म्हणाला कोजागिरी करून येतो. गुरुवारी येईल.”

गुरुवारी. बुधवारी चाचणी आणि गुरुवारी वायरमन. नाशिकमध्ये दुसरा वायरमन नाही का, असं मी विचारलं, तर जयरामने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला डॉक्टर बदलायला सांगतोय. एकाने हात घातलेल्या गाडीला दुसरा हात लावत नाही, आणि त्याच्या माणसाच्या माघारी तो दुसरा माणूस आणणार नाही. हा त्यांच्या धंद्यातला नियम आहे म्हणे. चांगला नियम आहे. मला तेव्हा भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

मग मी सरकारकडे वळलो. चाचणीची तारीख बदलावी म्हणून संगणकावर बसलो. त्यावर ओटीपी यायचा तो माझ्या जुन्या नंबरवर, जो आता कोणा मालेगावच्या गृहस्थांकडे आहे. त्यांना फोन केला. भला माणूस, आकडे वाचून दाखवले, तब्येतीची चौकशी केली. आत शिरलो तर पुढची मोकळी तारीख सत्तावीस. म्हणजे शिकाऊ परवाना मेल्यानंतरची. तृप्ती मॅडमना फोन केला. त्या गोड आवाजात म्हणाल्या, “अहो काका, बुधवारी आमची गाडी नेमकी सिन्नरला आहे. तुम्हीच म्हणाला होतात ना, घरची गाडी असताना?” विश्वेशची गाडी मागावी, तर तिला क्लचच नाही, आणि कुसुम शिकलेली क्लचवर. त्याउपर पीयूसीचं प्रमाणपत्र आदल्या आठवड्यातच संपलेलं. पीयूसीवाल्यांना फोन करून अडचण सांगितली, तर ते म्हणाले, “गाडी चालू करून आणा, धूर बघितल्याशिवाय कागद कसा देणार?” यात चूक कोणाचीच नव्हती, तरी सगळ्या बाजूंनी दारं लागली होती.

मंगळवारी संध्याकाळी जिन्यात बसलो होतो. कुसुम जयरामला चहा द्यायला खाली गेली होती. ती त्याला हळू आवाजात विचारत होती, “खरं सांग रे. माझ्यामुळे बिघडली का?”

जयराम म्हणाला, “बाई, मला नाय वाटत. पण काका म्हणतात तर...”

“हं,” कुसुम म्हणाली. ते माझं ‘हं’ होतं. मला ते ऐकवेना.

आणि खरं तेच सांगायचं तर त्या आठवड्यात एकदा मला बरंही वाटलं होतं. गाडी चालू झाली नाही तर ती येवल्याला एकटी जाणार नाही, पुन्हा मलाच विचारेल, मी पुन्हा ट्रॅक्टरांचं सांगेन. हा विचार मनात आला होता आणि मी तो लगेच हाकलला नव्हता. जिन्यात बसून मला त्याची लाज वाटली. चांगलीच वाटली.

बुधवारी सकाळी कुसुम नेहमीची उठली, नेहमीची पोळ्या करायला लागली. चाचणीचं नाव काढलं नाही. निदान कागद तरी तयार असावेत म्हणून मी गाडीची जुनी फाइल उघडली. त्यात विम्याचा एकवीस वर्षांपूर्वीचा कागद वर आला. ‘चोरीविरोधी यंत्र: नाही’ असं छापलेलं, आणि शेजारी माझ्या अक्षरात, लाल शाईने, ‘धादांत खोटं’.

मी तो कागद हातात घेऊन तसाच बसलो. त्या वर्षी आमच्या गल्लीतून एक गाडी चोरीला गेली होती. मी सातपूरला जाऊन गाडीत चोरस्विच बसवून घेतला होता. दाबला की इंजिनाचा करंटच तुटतो, चोर सेल्फ मारमारून थकतो. विम्यात सवलत मागायला गेलो तर ‘प्रमाणपत्र नाही’ म्हणून हाकललं, त्या अपमानात मी वर्षभर जळत होतो. अपमान नीट लक्षात राहिला, स्विच विसरलो. दोन महिने वापरला असेल. जागा कोणालाच सांगितली नव्हती, कुसुमलासुद्धा नाही. दोघांना माहीत असलेलं गुपित कसलं, असं माझं तेव्हाचं मत होतं.

जागा होती अॅशट्रेच्या मागे.

खाली गेलो. जयराम बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता, सोबत बोरस्ते आणि विश्वेश. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो, हळूच अॅशट्रे ओढून काढला. आत एक काळं बटण. त्यावर कुंकवाचं बोट.

म्हणजे माझ्या बायकोने त्याचीही पूजा केली होती. अॅशट्रे घासला, आत बटण दिसलं, काय आहे माहीत नाही पण यंत्रच आहे, म्हणून भक्तिभावाने कुंकू लावलं आणि लावताना दाबलं.

आता माझ्यापुढे दोन रस्ते होते. उतरून सगळ्यांना सांगायचं, किंवा गुपचूप दाबायचं. मी टाइम ऑफिसात इतकी वर्षं लोकांच्या उशिराची कारणं ऐकली, आपली चूक सरळ सांगणारा माणूस तिथे एकही बघितला नाही. मी बटण दाबलं, अॅशट्रे लावला, आणि म्हणालो, “जयराम, ती वायर जरा हलव रे.”

“कोणची?”

“कोणतीही.”

त्याने हलवली. मी किल्ली फिरवली. गाडी चालू झाली.

विश्वेशने टाळ्या वाजवल्या. बोरस्ते म्हणाले, “बघा, शिळं पेट्रोल जळून गेलं शेवटी.” जयराम आपल्या हाताकडे बघत होता. कुसुम पोळ्या टाकून, पिठाच्या हातांनी खाली धावत आली. तिचा चेहरा मी लग्नातसुद्धा एवढा फुललेला बघितला नव्हता. मी उतरून मोठ्या अदबीने दार धरलं. तिने माझा हात धरला, आणि धरूनच ठेवला. माझ्या बोटाच्या टोकाला कुंकू होतं.

तिने बोटाकडे बघितलं. डॅशबोर्डकडे बघितलं. तिथे रॉकेलच्या वासाशिवाय काही नव्हतं. मग अॅशट्रेकडे बघितलं. तो घाईत तिरका बसला होता.  ती आत बसली, पहिला गिअर टाकला आणि चारही लिंबं चिरडून गाडी बाहेर काढली.

पीयूसीत धूर दिला, कागद घेतला, पावणेअकराला पेठ रोडला पोचलो. रांगेतली पोरं तिला ‘आजी, तुम्ही पुढे व्हा’ म्हणाली, ती झाली नाही. ट्रॅकवर उलटी गाडी घेताना एकदाही खांबाला लागली नाही. साहेबांनी कागदावर शिक्का मारला आणि मला विचारलं, “तुम्ही कोण, बरोबर आलेले?” मी हो म्हणालो.

परत येताना द्वारका चौकातल्या सिग्नलला तिने तोंड उघडलं. वर्गात विचारायची त्या आवाजात.

“ते बटण कशाचं होतं?”

मी सगळं सांगितलं. सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न सुरू केले. ती पूर्ण ऐकेपर्यंत हलली नाही.

“म्हणजे क्लचचा काही संबंध नव्हता.”

“नव्हता.”

“मग हे बोरस्त्यांना सांगा. विश्वेशला सांगा. बुधाला सांगा. जे जे विचारून गेले त्यांना सांगा. मी गाडीत बसते, तुमचं होईपर्यंत.”

मी सांगितलं. चार मजले, सोळा घरं. तिसऱ्या मजल्यावर एकांनी मला चहा पाजला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, कारण त्यांच्या सूनबाई आंघोळीला गेल्या होत्या.

शनिवारी कुसुम येवल्याला गेली. एकटी. जाताना जयरामच्या गॅरेजवरून जाते म्हणाली, त्या लांबच्या वळणाचं कारण मी विचारलं नाही. रविवारी संध्याकाळी आली, विमलाताईंनी दिलेले कांदे डिकीतून काढले, फार आनंदात होती. मलाही बरं वाटलं. खरंच वाटलं.

सोमवारी मला देवळाली कॅम्पला एका मित्राकडे पत्ते खेळायला जायचं होतं. ती शब्दकोडं सोडवत होती. मी किल्ली घेऊन खाली गेलो, बसलो, सेल्फ मारला.

घुर्र घुर्र घुर्र.

मी हसलो. सरळ अॅशट्रे ओढला. आत बटण नव्हतं. नुसतं भोक होतं, त्यावर काळी टेप, आणि टेपवर कुंकवाचं बोट. मी सीटखाली बघितलं, चटईखाली बघितलं, मुक्या रेडिओच्या मागे हात घातला. अर्धा तास शोधलं. जयरामला फोन केला, तर तो म्हणाला, “काका, बाईंनी कुणाला सांगू नको म्हटलंय. लय मारतात त्या.”

वर आलो. दारात उभा राहिलो. “कुसुम,” मी म्हणालो, “मला जरा देवळालीला जायचंय.”

तिने पेन्सिल थांबवली नाही. मानही वर केली नाही.

“कशाला? आत्ताच जायला हवं का?”